नाव नको, गाव सांगा

टॉवेलच्या कारखान्यात काम करणाऱ्याच्या अंगावर तूस बसतं. ते कुणी मुद्दाम आणत नाही. केसांत, भुवयांवर, डब्यातल्या भाकरीवर, कुठेही बसतं. घरी जाऊन झटकलं की कळतं, अरे, आज इतकं जमलं होतं! ऑफिसच्या किश्श्यांचं तसंच आहे. रोज काही विशेष घडत नाही असं वाटत राहतं आणि चार मैत्रिणी जमल्या की झटकायला सुरुवात होते. माझ्या मैत्रिणी हसून हसून लोळतात. मीही हसते. पण खरं सांगायचं तर यातला एकही किस्सा घडत असताना मला हसू आलेलं नाही.

आमचा कारखाना सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत. माल सगळा परदेशात जातो. माझं काम मर्चंडायझिंगचं. म्हणजे सातासमुद्रापलीकडच्या गिऱ्हाईकाला टॉवेल खरखरीत वाटला तर त्याची पहिली मेल मला येते आणि ती शेडमध्ये जाऊन सांगायची पाळीही माझ्यावरच येते. दोन्हीकडून वाईट मीच.

जनरल मॅनेजरांना आम्ही नुसतं साहेब म्हणतो. साहेब कधी ओरडत नाहीत. तिथेच तर सगळी गोची आहे. ओरडणारा माणूस ओरडून मोकळा होतो, ऐकणाराही ऐकून मोकळा होतो. आमचे साहेब सगळं शांतपणे ऐकून घेतात, खिशातला रुमाल काढून चष्मा पुसतात आणि म्हणतात, "बरं." पुढे काही नाही. त्या 'बरं'चा अर्थ लावत माणसं घरी जातात आणि बायकापोरांवर ओरडतात.

* * *

श्रीनिवास आमच्या रंगाच्या लॅबमध्ये आहे. आम्ही त्याला श्रीनू म्हणतो. घरी तेलुगू, आजोबा-वडील मागावर, आणि याचा डोळा असा की पांढऱ्यातले पाच पांढरे तो लांबून ओळखतो. त्या श्रीनूच्या हातून एकदा एक मोतिया रंग पिवळट गेला. तो सॅम्पल घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेला, चूक कबूल केली, आणि साहेब खिडकीकडे बघत म्हणाले, "बरं."

श्रीनू बाहेर आला तो पांढराफटक. कोणता पांढरा ते त्यालाच माहीत. जेवला नाही. साहेबांनी आपल्याकडे बघितलंसुद्धा नाही, म्हणजे आपला विषय संपला, हे त्याने पक्कं धरलं. संध्याकाळी घरी न जाता तो थेट नवी पेठेत मेहुण्याच्या साड्यांच्या दुकानात गेला आणि उद्यापासून मी तुझ्याकडे बसतो म्हणून सांगून आला. मेहुण्याला आनंद झाला. त्याने पेढे वाटले.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या ड्रायव्हरकडून कळलं, साहेबांच्या दुसऱ्या कानात ब्लूटूथ होतं. घरून बाईसाहेबांचा फोन होता. येताना कोथिंबीर आणा, एवढंच सांगत होत्या.

मेहुणा अजून लग्नकार्यात भेटला की चार लोकांत तेलुगूत भावोजी अशी हाक मारून विचारतो, "काय बावा, कधी बसताय दुकानात?"

* * *

महादेव आमच्या एक नंबर शेडचा इनचार्ज. सांगोल्याकडच्या माळावरचा. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू, आणि घराण्यात पहिला डिप्लोमा झालेला माणूस. माग बिघडला तर आवाजावरून सांगतो कुठे काय अडकलंय. स्वभावाने इतका गरीब की कुणाला 'नाही' म्हणता येत नाही. त्यामुळे त्याचं वर जाणं अटळ होतं. आमच्याकडे वर जायला तेवढंच लागतं.

साहेब पहाटे उठतात आणि ग्रुपवर एक सुविचार टाकतात. त्याला हात जोडायचे असतात. जोडलेच पाहिजेत असा काही नियम नाही, म्हणूनच सगळे जोडतात. नियम असता तर कुणीतरी मोडला असता.

महादेवच्या बहिणीचं लग्न होतं. वस्तीवर रेंज नाही. रेंज मिळते ती पाण्याच्या टाकीवर. नवरीला हळद लागत होती आणि भाऊ टाकीवर! साहेबांचा सुविचार, मग माझी मेल, मग धाग्याचा ट्रक अडकला म्हणून स्टोअरचा फोन. आईने खालून हाका मारल्या, लगीन बहिणीचं हाय का फोनचं, म्हणून. शेवटी म्हातारा बाप टाकीखाली येऊन उभा राहिला. वर बघत म्हणाला, "मेंढराच्या गळ्यात घाटी आमी बांदतो. तुज्या गळ्यात कुनी बांदली?"

हे महादेवने मला स्वतः सांगितलं. सांगताना हसत होता. हसता हसता मध्येच थांबला आणि खिसा चाचपला, फोन वाजला की काय म्हणून. वाजला नव्हता. मला ते बघून कसंतरीच झालं, कारण त्याच वेळी माझाही हात पर्समध्ये गेला होता.

* * *

मग पुण्याहून एचआरच्या मॅडम आल्या. पोरगी हुशार, मनाने चांगली, गळ्यात लाकडी मणी. कामाच्या ठिकाणी मनाचं आरोग्य, असा कार्यक्रम होता. खुर्च्या गोल मांडल्या. मॅडम म्हणाल्या, ही सुरक्षित जागा आहे, इथे कुणी कुणाला हसणार नाही, प्रत्येकाने मनमोकळेपणाने सांगायचं की आपल्याला कशाची भीती वाटते.

गोलात मॅडमच्या शेजारी साहेब बसले होते.

पहिला नंबर श्रीनूचा आला. त्याने साहेबांकडे बघितलं, छताकडे बघितलं आणि म्हणाला, "पालीची."

मॅडमनी मान हलवली, छान म्हणाल्या. दुसऱ्यालाही पालीची वाटत होती. तिसऱ्यालाही. स्टोअरचे, डिस्पॅचचे, अकाउंट्सचे, सगळे पालीला भिऊन होते. महादेव, जो लहानपणी मेंढरांमागे साप हाकलत हिंडला, तोही पालीला भीत होता. मी जरा वेगळं बोलावं म्हणून धीर गोळा केला आणि म्हणाले, झुरळाची.

शेवटी साहेबांचा नंबर आला. त्यांनी वेळ घेतला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग म्हणाले, "पाल."

मॅडमनी सगळं टिपून घेतलं. पुढच्या आठवड्यात संपूर्ण कारखान्यात पेस्ट कंट्रोल झालं.

* * *

आता तुम्ही म्हणाल, इतकं भ्यायचं काय? सांगून टाकावं ना खरं. तर ऐका.

आमच्या फोल्डिंग खात्यात एक जण होता. कामाला चोख. एकदा डबा खाताना सहज बोलून गेला, झोप येत नाही म्हणून मनाच्या डॉक्टरकडे जातो, गोळ्या चालू आहेत, आता बरं वाटतंय. कुणी काही म्हणालं नाही. उलट सगळे फार गोड वागायला लागले. त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. मग एक दिवस कटिंगचं मशीन दुसऱ्याकडे दिलं, तुला त्रास नको म्हणून. मग शिफ्टची जबाबदारी काढली, तुला ताण नको म्हणून. मग त्याला नुसतं बसायला खुर्ची दिली. खुर्चीवर बसून बसून तो माणूस स्वतःच निघून गेला. काढलं कुणीच नाही!

ते सगळं महादेवने बघितलं होतं. मीही बघितलं होतं. डब्यातली शेंगाचटणी आधी त्याला वाढायला लागले होते, ती मीच.

* * *

आणि मग महादेवच्या प्रमोशनचं बोलणं सुरू झालं. दोन नंबर शेडही त्याच्याकडे द्यायची, असं साहेबांच्या मनात होतं. दोन्ही शेड, दोन्हीकडची माणसं, आणि फोन चोवीस तास चालू. अजून पक्कं नव्हतं, पण सगळे त्याचं अभिनंदन करत होते.

एका दुपारी तो माझ्या टेबलाजवळ आला. कपाळावर घाम, एक हात छातीवर. म्हणाला, "ताई, माजं काय खरं न्हाई. हितं लई धडधडतंय."

मी त्याला रिक्षात घातलं आणि हृदयाच्या डॉक्टरकडे नेलं. वाटेत तो सारखा एकच म्हणत होता, ऑफिसात सांगू नका. मी मनातल्या मनात त्याच्या बायकोला फोन कसा करायचा याची वाक्यं जुळवत होते. तिथे छातीला तारा लावल्या, कागद निघाला, डॉक्टरांनी तो वाचला आणि म्हणाले, हृदय घोड्यासारखं आहे, घरी जा. मी देवाला हात जोडले. महादेव मात्र बाहेर येऊन पायरीवर बसला, तोंड एवढंसं करून.

"हार्टचं असतं तर बरं झालं असतं की," तो म्हणाला. "हार्टचं सांगता येतंय."

खिशात त्याच डॉक्टरांनी दिलेली दुसऱ्या डॉक्टरची चिठ्ठी होती. मनाच्या.

* * *

ती चिठ्ठी बरेच दिवस त्याच्या खिशातच राहिली. मधल्या काळात माझी दाढ दुखायला लागली. दातांचा डॉक्टर आत बॅटरी मारून म्हणाला, मॅडम, तुमच्या दाढा झिजल्यात, तुम्ही झोपेत दात खाता. मग गमतीने विचारलं, कुणावर? मी आ वासून पडले होते म्हणून वाचले. तसंही साहेबांचं नाव घ्यायचं धाडस मला तिथेही झालं नसतं.

घरी येऊन आरशात बघितलं. झोपेतही मी ऑफिसातच असते, हे तेव्हा कळलं. मला स्वतःची कीव आली आणि भीतीही वाटली. दुसऱ्या दिवशी महादेवला म्हणाले, चला, मी येते सोबत.

कारखाना सुटल्यावर आम्ही निघालो. कुणी विचारलंच तर नवी पेठेत त्याच्या बायकोसाठी साडी बघायला चाललोय, असं ठरलं होतं. दवाखाना नवी पेठेमागच्या बोळात, बांगड्यांच्या दुकानावर. जिना चढताना महादेव दर पायरीवर मागे वळून बघत होता. मीही बघत होते. दोघं चोरी करायला निघाल्यासारखे.

वर वेटिंग रूम गच्च भरलेली! आणि एकही माणूस दुसऱ्याकडे बघत नव्हता. सगळे समोरच्या भिंतीकडे बघत होते. बायकांनी पदर घेतलेले, पुरुषांनी मास्क लावलेले. कोपऱ्यात एक जण तर चक्क हेल्मेट घालून बसला होता. सोलापुरात रस्त्यावर कुणी हेल्मेट घातलं तर लोक वळून बघतात, आणि हा माणूस पंख्याखाली, खुर्चीवर, काच खाली ओढून! मधूनच रुमाल काढून ती काच पुसत होता.

टेबलामागे एक वयस्कर सिस्टर होत्या. महादेव नाव सांगायला लागला तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"नाव नको, गाव सांगा."

तिथली ती पद्धतच होती. नावाने हाक मारली की माणसं दचकतात, काही उठून पळूनसुद्धा जातात. म्हणून डॉक्टरबाईंनी ठरवलेलं, हाक गावाने मारायची. पण भ्यालेला माणूस खरं गाव तरी कशाला सांगेल? बहुतेकांना घाईत एकच नाव सुचतं. त्यामुळे सिस्टर आतून येऊन ओरडायच्या, "पंढरपूर! तुम्ही नाही, पंढरपूर नंबर तीन."

महादेव घुटमळला आणि म्हणाला, करकंब. करकंबशी त्याचा काडीचा संबंध नाही. सांगोल्याकडचं सांगितलं असतं तर मेंढरांना बी कळलं असतं, असं तो मला नंतर म्हणाला.

मग सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, मी नुसती सोबत आलेय.

"हितं सगळे सोबतच आलेले असतात," त्या म्हणाल्या. "गाव सांगा."

माझ्या तोंडून निघालं, कुर्डुवाडी. कुर्डुवाडी मी फक्त रेल्वेच्या खिडकीतून बघितलीय.

सिस्टरनी खणखणीत आवाजात परत म्हटलं, "करकंब आणि कुर्डुवाडी, बसून घ्या." सगळ्या खोलीला ऐकू गेलं. पण कुणी मानसुद्धा वळवली नाही. फक्त हेल्मेट जरासं हललं.

थोड्या वेळाने त्याचीच हाक आली, "नळदुर्ग!" तो उठला, काचेतून नीट दिसत नसावं, दाराच्या चौकटीवर धाडकन आपटला.

"नळदुर्ग, जपून," सिस्टर म्हणाल्या.

* * *

डॉक्टरबाईंनी महादेवला गोळ्या दिल्या आणि गृहपाठ दिला. रोज कुणाला तरी एकदा 'जमणार नाही' म्हणायचं. लहानसहान गोष्टीला चालेल, पण तोंडाने म्हणायचं. मलाही काय काय सांगितलं. ते राहू दे.

महादेवने गृहपाठ मनावर घेतला. कँटीनच्या मावशींनी चहा पुढे केला तर त्यांना म्हणाला, न्हाई जमायचं. मावशी कप घेऊन गेल्या आणि हा दहा पावलं मागे मागे, चहा मागायला. एकदा विमा विकणाऱ्या मुलीचा फोन आला. माझ्या डोळ्यांदेखत त्याने छाती भरून श्वास घेतला, आता म्हणणार, आता म्हणणार, आणि शेवटी तिला विचारलं, जेवलीस का. ती पोरगी रडायलाच लागली. तिचंही टार्गेट होतं. अर्धा तास महादेव तिची समजूत घालत होता.

धडधड कमी झाली होती, झोप येत होती. पण साहेबांचं नाव काढलं की आवाज जायचा. "ताई, समद्यांना म्हनीन," तो म्हणायचा, "साहेबांम्होरं तोंडातनं व्हयच येतंय. सवय हाय."

त्यात मीटिंगची तारीख लागली. मला रात्री दाढ दुखायची. हा माणूस साहेबांना 'हो' म्हणणार, दोन शेड घेणार आणि एक दिवस परत छातीवर हात ठेवून माझ्यासमोर येणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि 'नाही' म्हणाला तर का, असं विचारतील. का सांगितलं तर ती फोल्डिंगची खुर्ची अजून रिकामीच होती.

* * *

मीटिंगला सगळे होते. पुण्याच्या मॅडम भिंतीवरच्या स्क्रीनवर. श्रीनू माझ्या शेजारी. मिनिट्स लिहायला मी. महादेव साहेबांच्या समोर, दोन्ही हात टेबलाखाली.

साहेबांनी दोन नंबर शेडचं सांगितलं. मॅडम स्क्रीनवरून म्हणाल्या, ही तुमच्या करिअरमधली फार मोठी संधी आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्या आणि सगळे महादेवकडे बघायला लागले.

महादेव उभा राहिला. ओठ हलले. मी मनात म्हणत होते, म्हण, एकदाच म्हण. आणि मला ऐकू आलं, "व्हय, सा..."

साहेबांनी हात वर केला. महादेव थांबला. साहेबांनी चष्मा काढला, रुमाल काढला, सावकाश एक काच पुसली, मग दुसरी. मग मान वर न करता, नेहमीच्याच हळू आवाजात त्यांनी विचारलं,

"घाई नाही. करकंब, खरंच जमणार आहे का तुम्हाला?"

श्रीनू माझ्या कानाशी पुटपुटला, करकंब कोण? नवीन आलाय का कुणी? मी साहेबांच्या हातातल्या रुमालाकडे बघत होते. महादेवचा चेहरा असा झाला होता की क्षणभर वाटलं, हा आता पडतो.

पडला नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली.

"न्हाई जमायचं, साहेब," तो म्हणाला. "एक शेड जीव लावून बगतो. दोन न्हाई जमायच्या. आन् घरी गेल्यावर फोन बी न्हाई."

स्क्रीनवर मॅडमचं तोंड उघडं राहिलं. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर चढवला, महादेवकडे बघितलं, बराच वेळ बघितलं.

"बरं," ते म्हणाले.

मग माझ्याकडे वळले.

"कुर्डुवाडी, लिहून घ्या."